लिंकनच्या शाळेच्या शोधात : केंटकी, इंडियाना, इलिनॉय

शुक्रवार : इंडियानापोलिस ते हॉजेनव्हिल

मुलगा इंडियानापोलिसला नोकरीला आहे. त्याच्याकडे यायचं पक्कं झालं तेव्हाच मी फोनवर सांगून ठेवलं होतं, नायगारा नाही दाखवलास तरी चालेल, पण अब्राहम लिंकन जिथे वाढला, शिकला ती गावं मला बघायची आहेत. माझी उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. लाकडी झोपडीत जन्मला, चुलीच्या उजेडात अभ्यास केला आणि अमेरिकेचा अध्यक्ष झाला, ही तीन टप्प्यांची गोष्ट आपल्याकडे शाळाशाळांतल्या भाषणांत असते. माझं मन नेहमी मधल्या टप्प्यावर अडायचं. त्याला कोणी शिकवलं? पुस्तकं कुठून आली? शेतीच्या कामातून वाचायला वेळ कोणी काढू दिला?

मुलाला रजा मिळेना, म्हणून सुनेनेच सुट्टी टाकली. गाडी तीच चालवणार होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा बरोबर घेतला. माझ्या पिशवीत आणखी दोन गोष्टी होत्या. लिंकनने स्वतःबद्दल फार थोडं लिहिलंय. १८५९ साली जेसी फेल या स्नेह्याला दिलेली त्रोटक माहिती आणि १८६०च्या निवडणुकीच्या वेळी एका पत्रकारासाठी लिहिलेलं थोडं मोठं टिपण. या दोन्हींच्या छापील प्रती मी काढून घेतल्या होत्या.

लुइव्हिल मागे टाकून दक्षिणेला निघालो की तासाभरात हॉजेनव्हिल येतं. गाव लहान. मधल्या चौकात लिंकनचे दोन ब्राँझचे पुतळे आहेत. एक खुर्चीत बसलेला अध्यक्ष, आणि त्याच्या समोरच्या बाजूला पुस्तक घेतलेला मुलगा. मला दुसऱ्यापाशीच जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

जन्मस्थान गावाबाहेर दोन-तीन मैलांवर आहे. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांना इथे मुलगा झाला. बहीण सारा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. आज तिथे टेकाडावर ग्रीक देवळासारखी दगडी इमारत उभी आहे. वर जायला छप्पन्न पायऱ्या, कारण तो छप्पन्न वर्षं जगला. १९०९ साली थिओडोर रूझवेल्टने पाया घातला, १९११ साली अध्यक्ष टाफ्टने ती लोकांना खुली केली. आत, संगमरवराच्या मधोमध, एक ओंडक्यांची झोपडी. तीच ती झोपडी, असं पुष्कळ वर्षं मानलं जायचं. पुढे ओंडक्यांमधली वर्षवलयं तपासली, तेव्हा ती झाडं लिंकनच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी तोडलेली निघाली. आता सरकारी फलकावरच 'प्रतीकात्मक' म्हणतात. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

खरं काय उरलंय, तर खालचा झरा. इमारतीच्या बाजूने पायऱ्या उतरून गेलं की चुनखडीच्या कपारीत पाणी ठिबकतं आणि जमिनीत गडप होतं. सिंकिंग स्प्रिंग हे शेताचं नाव त्यावरूनच पडलं. वर ऊन होतं, खाली दगडाला हात लावला तर गारेगार, शेवाळ्याने ओला. नॅन्सी इथूनच पाणी भरत असणार.

शनिवार : नॉब क्रीक

जन्मस्थानापासून दहा मैलांवर, उंच टेकड्यांच्या बेचक्यात, ओढ्याकाठची काळी सपाट जमीन. १८११ ते १८१६ हे कुटुंब इथे राहिलं. आपल्याला आठवतं ते पहिलं घर हेच, असं लिंकनने पुढे सांगितलं होतं. आठवण कसली, तर मक्याच्या पेरणीची. मोठी माणसं मका पेरत होती आणि हा पोर एक ओळ सोडून एक ओळ भोपळ्याच्या बिया टोकत होता. दुसऱ्या दिवशी टेकड्यांवर मोठा पाऊस झाला. दरीत थेंब नाही, पण वरून लोंढा आला आणि मका, भोपळा, माती सगळं धुऊन घेऊन गेला. शेताच्या कडेला उभं राहून वर बघितलं की हे कसं झालं असेल ते लगेच कळतं. दोन्ही बाजूंना चढ इतका उभा आहे की पाण्याला दुसरी वाटच नाही.

अब्राहमची पहिली शाळा याच वस्तीत. आधी झकारिया रायनी, मग केलेब हेझल, असे दोन मास्तर, दोघांकडे मिळून थोडेच आठवडे. पाच-सहा वर्षांचा अब्राहम आणि त्याची बहीण बरोबर चालत जायची. तेव्हाच्या त्या शाळेत सगळी पोरं आपापला धडा एकदम, मोठ्याने म्हणत. आवाज थांबला की मास्तरला कळायचं, अभ्यास थांबला. आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायचा तो गलका माझ्या कानात घुमला. मास्तरची फी पालक देत, तीसुद्धा बऱ्याचदा धान्यात, मांसात, कातड्यात. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेचं चालणं त्याच काळात फारसं वेगळं नव्हतं. मोठ्याने वाचायची सवय लिंकनला जन्मभर राहिली. वकिली करताना तो कचेरीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि त्याचा भागीदार विल्यम हर्नडन त्याला वैतागायचा.

शेतासमोरून आज जो डांबरी रस्ता जातो, तो लुइव्हिलहून नॅशव्हिलला जाणारा जुना हमरस्ता. केंटकीत गुलामगिरी होती. साखळीने बांधलेल्या माणसांचे तांडे दक्षिणेला विकायला न्यायचे ते अशाच रस्त्यांनी. घराच्या दारासमोरून काय काय जातं हे लहान पोर बघतंच. मी कुंपणापाशी उभी असताना मला जोतीरावांची आठवण झाली. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांनी ज्या लढ्याची दखल घेतली, त्या लढ्यामागची व्यवस्था या रस्त्यावरून चालत होती.

कुटुंबाने केंटकी का सोडली, याबद्दल लिंकनने टिपणात स्वच्छ लिहिलंय. काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीच्या भानगडींमुळे. केंटकीत जमिनीची सरकारी मोजणी नीट झालेली नव्हती. हद्द म्हणजे अमुक झाड, तमुक दगड. एकाच तुकड्यावर दोघातिघांचे दावे. सात-बारा एकाच्या नावावर आणि कब्जा दुसऱ्याचा, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. थॉमस कोर्टाच्या चकरांना कंटाळला. ओहायो नदीपलीकडे इंडियानात सरकारने चौकोनी आखणी करून जमीन विकायला काढली होती, आणि तिथे गुलामगिरीला बंदी होती. १८१६च्या हिवाळ्यात, इंडियाना राज्य झालं त्याच सुमाराला, त्यांनी नदी ओलांडली.

आम्हीही दुपारी निघालो. इंडियानाच्या या कोपऱ्यात घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे उजेडी पोचलो.

रविवार : लिटल पिजन क्रीक

सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवला. सात ते एकवीस, वाढीची सगळी वर्षं या जंगलात गेली. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे, शेजारच्या वस्तीला लिंकन सिटी म्हणतात.

'वयाच्या मानाने अंगाने थोराड होता, आल्या आल्या हातात कुऱ्हाड दिली गेली,' असं तो स्वतःबद्दल तृतीयपुरुषात लिहितो. तेविसाव्या वर्षापर्यंत ती हातातून फारशी सुटली नाही. झाडं इतकी दाट की जमिनीवर ऊन पडायला आधी ती पाडावी लागायची.

झाडीतून एक पायवाट टेकडीवर जाते. वर जुनं दफनस्थान आहे, त्यात नॅन्सी हँक्स लिंकनची कबर. ५ ऑक्टोबर १८१८. आपल्याकडे पेशवाई बुडाली ते हेच वर्ष. अब्राहम नऊ वर्षांचा, सारा अकरा. थॉमस सुतार होता, त्याने स्वतःच शवपेटी केली. तिच्या लाकडी खुंट्या पोराने तासल्या, असं परंपरेने सांगतात. कबरीवर साधा दगडसुद्धा नव्हता. आजचा पांढरा दगड १८७९ साली पीटर स्टुडबेकर या उद्योगपतीने दिला.

नॅन्सी ज्या आजाराने गेली त्याला लोक दुधाचा आजार म्हणत. कारण कोणालाच माहीत नव्हतं. पावसाने ओढ दिली की कुरणातलं गवत वाळायचं, गाई चरत रानात शिरायच्या आणि एक विषारी झुडूप खायच्या. विष दुधात उतरायचं, दुधातून माणसांत. अंग थरथरायचं, उलट्या व्हायच्या, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस जायचा. नॅन्सीच्या आधी तिचे जवळचे नातेवाईक, स्पॅरो पतिपत्नी, असेच गेले होते. या विषाचा छडा रसायनशास्त्राने विसाव्या शतकात लावला. स्मारकातल्या कर्मचारी बाईंना मी ते झुडूप दाखवायची विनंती केली. त्यांनी पायवाटेच्या कडेला बोट दाखवलं. कंबरेएवढी उंची, समोरासमोर येणारी, टोकाला निमुळती, करवती काठाची पानं आणि शेंड्याला पांढऱ्याशुभ्र बारीक फुलांचे झुबके. सावलीत ती फुलं उठून दिसत होती. मी पुढे झुकून बघितलं, तशी सून म्हणाली, "आई, हात नका लावू." नुसत्या स्पर्शाने काही होत नाही, हे त्या बाईंनी सांगितलं तरी माझा हात पुढे गेला नाही.

पुढचं एक वर्ष घर अकरा वर्षांच्या पोरीने चालवलं. मग थॉमस केंटकीत एलिझाबेथटाउनला गेला आणि २ डिसेंबर १८१९ रोजी सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न करून आला. तिच्या पदरी तीन मुलं. गाडीत सामान, त्यात अक्रोडाच्या लाकडाचं एक चांगलं कपाट. आल्यावर तिने आधी पोरांना न्हाऊ घातलं, मग नवऱ्याकडून घरात लाकडी जमीन करून घेतली, दार-खिडक्या नीट करून घेतल्या.

सावत्र आई म्हटलं की आपल्या गोष्टींतून जी बाई डोळ्यांपुढे येते, तिच्या अगदी उलट ही. तिला लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी ती खूण करायची. थॉमसला सही यायची, तीही कशीबशी. त्याच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्याने मुलांना इथल्या शाळांत घातलं, फी भरली. पण कायद्याने मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याची मजुरी बापाची, आणि थॉमसला ती लागायची. अँड्र्यू क्रॉफर्ड, जेम्स स्वेनी, एझल डॉर्सी हे इंडियानातले तीन मास्तर, तेही तुटक तुटक. केंटकी आणि इंडियाना मिळून सगळी शाळा एक वर्षाचीसुद्धा भरत नाही, हा हिशोब लिंकनचाच आहे. फेलला दिलेल्या माहितीत तो म्हणतो, शाळा म्हणवणाऱ्या काही जागा होत्या. मास्तराला वाचन, लेखन आणि त्रैराशिकापर्यंतचं गणित आलं की पुरे. लॅटिन येतं असा समज असलेला कोणी वाटसरू वस्तीत मुक्कामाला राहिला, तर लोक त्याच्याकडे जादूगार म्हणून बघत.

मग तो शिकला केव्हा? याचं उत्तर सारा बुशने स्वतः दिलंय. लिंकनच्या खुनानंतर पाच महिन्यांनी, ८ सप्टेंबर १८६५ रोजी, हर्नडन तिला भेटायला गेला आणि तिने सांगितलेलं त्याने उतरवून घेतलं. ती म्हणाली, एब, म्हणजे अब्राहम, दिवसा अभ्यास करायचा, रात्री फारसा नाही. लवकर निजायचा, लवकर उठून वाचायचा, खाऊन शेतावर कामाला जायचा. मिळेल ते पुस्तक वाचायचा. एखादा मजकूर आवडला आणि कागद नसला, तर फळीवर लिहून ठेवायचा, कागद मिळाला की उतरवून घ्यायचा. चुलीच्या उजेडापेक्षा पहाटेचा हा मुलगा मला जास्त पटतो. शेतकऱ्याघरचं पोर दिवसभर राबून रात्री किती वेळ जागं राहणार? आणि पहाटे वाचत बसलेल्या पोराला 'गुरांचं बघ' म्हणून हाक न मारणारं कोणीतरी घरात लागतं. आपण त्याच्या वाचनात कधी अडथळा येऊ दिला नाही, हे तिने हर्नडनला आवर्जून सांगितलं.

स्मारकातच त्या काळासारखं एक शेत उभारलंय. तिथे जुन्या वेशातला एक कर्मचारी दोन्ही टोकांना मुठी असलेलं पातं आपल्याकडे ओढत फळी तासत होता. लांबच लांब, कागदासारख्या पातळ ढलप्या त्याच्या पायाशी पडत होत्या, ओल्या लाकडाचा वास सुटला होता. अब्राहम फळीवर कोळशाने गणितं करायचा आणि फळी भरली की अशाच हत्याराने वरचा थर तासून पुन्हा कोरी करायचा. मी त्या माणसाला विचारून एक ढलपी उचलली. हातात धरली तर पलीकडचा उजेड दिसत होता. धूळपाटी पुसायला आपल्याकडे नुसता हात फिरवावा लागे, इथे दर वेळी थोडं लाकूड खर्ची पडायचं.

कागद मिळाल्यावर त्याने स्वतः शिवून गणिताची वही केली, तिची काही पानं आजही जपलेली आहेत. एका पानावर त्याने यमक जुळवून लिहिलंय, की ही अब्राहम लिंकनची लेखणी आणि हा त्याचा हात. तो पुढे चांगला निघेल, पण कधी ते देव जाणे. ही वही सारा बुशने सांभाळून ठेवली होती. हर्नडनला तिनेच ती दिली. वाचता न येणाऱ्या बाईने मुलाची गणिताची वही चाळीस वर्षं जपली. मी तीसएक वर्षांत शेकडो पालक बघितले. त्यांतल्या ज्या आया सहीच्या जागी अंगठा उठवायच्या, त्यांपैकी कित्येकींनी पोरांच्या वह्या अशाच पेटीच्या तळाशी ठेवलेल्या मला माहीत आहेत.

पुस्तकं उसनी यायची. जोसाया क्रॉफर्ड या शेजाऱ्याचं वॉशिंग्टनचं चरित्र पावसाने भिजलं, तेव्हा अब्राहमने तीन दिवस त्याच्या शेतात राबून भरपाई केली. फेब्रुवारी १८६१ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घ्यायला जाताना न्यू जर्सीच्या सिनेटपुढे त्याने याच चरित्राचा उल्लेख केला आणि त्यातल्या, स्वातंत्र्ययुद्धातल्या ट्रेंटनच्या लढाईइतकं दुसरं काही मनावर ठसलं नाही, असं सांगितलं.

सोमवार : लिंकन सिटी ते स्प्रिंगफील्ड

सकाळी बहिणीच्या कबरीपाशी जाऊन आलो. सारा लिंकनचं लग्न १८२६ साली आरन ग्रिग्स्बीशी झालं आणि जानेवारी १८२८ मध्ये ती बाळंतपणात गेली. वय एकवीस सुद्धा नाही. केंटकीतल्या शाळेत भावाचा हात धरून जाणारी ती. शिकण्यात तीही हुशार होती असं सांगणारे लोक होते, पण तिची वही कोणाला सापडलेली नाही.

त्याच वर्षी अब्राहम ॲलन जेंट्रीबरोबर सपाट तळाच्या होडीतून माल घेऊन न्यू ऑर्लिन्सला गेला. १८३०च्या मार्चमध्ये सगळं कुटुंब इलिनॉयला निघालं.

आम्हीही. साडेचार तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळत आलेला मका. सून पर्ड्यूची. इंडियानाच्या या विद्यापीठात मराठी मुलामुलींची वर्दळ किती आहे ते पुण्या-मुंबईच्या घरांना ठाऊक आहे. पर्ड्यूसारखी विद्यापीठं उभी राहिली ती २ जुलै १८६२ रोजी लिंकनने सही केलेल्या मॉरिल कायद्यामुळे. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, प्रत्येक प्रतिनिधीमागे राज्याला तीस हजार एकर सरकारी जमीन, ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज काढायचं. ती जमीन मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, हेही सांगायला हवं. सुनेला कायदा माहीत होता, सही कोणाची ते माहीत नव्हतं. "म्हणजे माझ्या डिग्रीशी यांचा संबंध आहे की," असं म्हणून ती बराच वेळ त्यावरच बोलत राहिली.

मंगळवार : न्यू सालेम

स्प्रिंगफील्डपासून वीस मैलांवर, संगॅमन नदीच्या वर टेकडीवर वसलेलं गाव. वसलं १८२९च्या सुमाराला आणि १८४०पर्यंत ओस पडलं. आज दिसतात ती ओंडक्यांची घरं विसाव्या शतकात नव्याने बांधलेली. त्या काळचं मूळचं फक्त एक, ऑनस्टॉट या पिंपं बनवणाऱ्या कारागिराचं दुकान.

एप्रिल १८३१ मध्ये लिंकनची होडी इथल्या गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकली. त्याने ती सोडवली आणि काही महिन्यांनी तो इथेच राहायला आला. बाप सुटला, कुऱ्हाड सुटायची होती. दुकानात नोकरी केली, मग भागीदारीत दुकान टाकलं, ते बुडालं आणि कर्ज डोक्यावर बसलं. १८३३ साली पोस्टमास्तर झाला. टपालात येणारी वर्तमानपत्रं आयती वाचायला मिळू लागली.

गावात मेंटर ग्रॅहम नावाचे मास्तर होते. इंग्रजी व्याकरण शिकायचं लिंकनने मनावर घेतलं, तेव्हा सहा मैलांवर एकाकडे व्याकरणाचं पुस्तक आहे असं कळलं, तर तो चालत जाऊन घेऊन आला. वय बावीस-तेवीस. आमच्याकडे दहावी सुटलेली मुलं एकविसाव्या वर्षी 'आता माझं वय गेलं' म्हणतात, त्यांना मी इथे आणलं असतं. ऑनस्टॉटच्या दुकानात पिंपाच्या ढलप्या पेटवून तो वाचायचा, असं इथले लोक सांगतात. चुलीच्या उजेडाचा पत्ता शोधायचाच असेल तर तो इथला. दुकान जेमतेम एका खोलीचं. दारातून आत वाकून बघितलं तर काळवंडलेली चूल आणि खाली कच्ची जमीन.

मग मोजणीचं काम चालून आलं. त्याला त्यातलं काही येत नव्हतं. होकायंत्र आणि साखळी मिळवली, भूमापनाची दोन पुस्तकं चाळली आणि कामाला लागला. 'यातून भाकर मिळाली, जीव जगला,' एवढंच तो लिहितो. ज्या घराने कच्च्या मोजणीपायी केंटकी सोडली, त्या घरातला मुलगा लोकांच्या हद्दी आखून देऊ लागला. थॉमसला हे कळलं तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही.

१८३४ साली राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. जॉन स्टुअर्ट या वकिलाने त्याला कायद्याची पुस्तकं उसनी दिली. पुस्तकांसाठी स्प्रिंगफील्डला जायचं, आणायची, वाचायची, परत द्यायची. सप्टेंबर १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळाली. कॉलेजच्या इमारतीत आपण सनद मिळेपर्यंत पाऊलही ठेवलं नव्हतं, असं त्याने नोंदवलंय.

बुधवार : स्प्रिंगफील्ड

एट्थ आणि जॅक्सन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं घर बघितलं. त्याच्या मालकीचं आयुष्यातलं हे एकच घर. गर्दी होती, खोल्यांतून लवकर पुढे सरकावं लागलं.

थोरला मुलगा रॉबर्ट इथेच वाढला. हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला, एक्झेटरच्या शाळेत वर्षभर तयारी केली आणि १८६०मध्ये प्रवेश मिळवला. शाळेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून एक पत्र आपल्याकडे शाळांच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेलं असतं. मजकूर सुंदर आहे. पण लिंकनच्या संपादित समग्र लेखनात ते पत्र नाही.

त्याचं एक खरं पत्र मात्र आहे, आणि ते कोणी लावत नाही. ५ नोव्हेंबर १८५५. आयशम रीव्हिस नावाच्या तरुणाने विचारलं होतं, तुमच्या कचेरीत कायदा शिकायला येऊ का? लिंकनने कळवलं, मी फार फिरतीवर असतो, माझ्याजवळ राहून उपयोग नाही. पण वकील व्हायचंच असं ठाम ठरवलं असेल तर निम्म्याहून जास्त काम झालंच. कोणापाशी बसून वाचलं की नाही याला फारसं महत्त्व नाही, मी कोणापाशी वाचलं नाही. मी न्यू सालेममध्ये वाचलं, तिथे तीनशे माणसंही कधी राहिली नाहीत. पुस्तकं आणि ती समजून घ्यायची तुझी कुवत, दोन्ही सगळीकडे सारखीच असतात. हॉटेलवर येऊन मी या पत्राचं मराठी करायला घेतलं. जुन्या शाळेतल्या सहकाऱ्यांना पाठवणार आहे, वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांना हे वाचून दाखवा म्हणून.

याच माणसाने १८५८ साली काँग्रेस सदस्यांच्या चरित्रकोशासाठी माहिती मागितली तेव्हा शिक्षणापुढे 'सदोष' एवढंच लिहिलं. काँग्रेसमध्ये जाऊन आल्यावर, चाळिशीत, युक्लिडच्या भूमितीची सहा पुस्तकं जवळजवळ पुरी करणारा तो. ही उणीव त्याला खरोखरच बोचत होती, असं मला वाटतं.

गुरुवार : कोल्स काउंटी

इंडियानापोलिसकडे परतताना वाट थोडी वाकडी केली. थॉमस आणि सारा बुश यांचं शेवटचं घर इथे होतं, आणि जवळच शायलो दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत.

बापलेकांचं फारसं जमलं नाही. १८५१च्या जानेवारीत थॉमस गेला तेव्हा लिंकन अंत्यविधीला आला नव्हता. आईकडे मात्र तो येत राहिला. वॉशिंग्टनला निघण्यापूर्वी, जानेवारी १८६१च्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत मुद्दाम वाट वाकडी करून तो तिला भेटून गेला. तो निवडून यावा असं आपल्याला वाटत नव्हतं, त्याचं काहीतरी बरंवाईट होईल अशी भीती मनात होती, असं तिने हर्नडनला सांगितलं. 'त्याचं मन आणि माझं, जे काही थोडंफार होतं ते, एकाच वाटेने चालायचं,' हेही त्याच भेटीत.

इथली एक गोष्ट मला कबरीपेक्षा मोलाची वाटली. १८४१ साली लिंकनने आईवडिलांच्या जमिनीपैकी चाळीस एकर दोनशे डॉलरला विकत घेतली आणि ती त्यांना हयातभर वापरायला दिली. थॉमस गेल्यावर सावत्र भाऊ जॉन जमीन विकायला निघाला. नोव्हेंबर १८५१ मध्ये लिंकनने त्याला सडेतोड पत्र लिहिलं. पूर्वेकडची चाळीस एकर आई जिवंत आहे तोवर मी तिच्यासाठी ठेवणार आहे. तुला कसायची नसेल तर खंडाने दे, तेवढ्यात तिचं भागेल.